शब्दांच्या उजेडाचा कोशकार : जेम्स मोल्सवर्थ

लातूरच्या शिकवणी वर्गांत किंवा नांदेडच्या एखाद्या अभ्यासिकेत इंग्रजीचा धडा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला एक अडचण हमखास येते. तारे चमकतात, सोने चमकते, निखारा चमकतो, पाणी चमकते आणि वीजही चमकते. मराठीत एका क्रियापदावर काम भागते असे त्याला वाटत असते. इंग्रजी मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा शब्द मागते. ताऱ्यासाठी ट्विंकल, सोन्यासाठी ग्लिटर, निखाऱ्यासाठी ग्लो, ओल्या पानासाठी ग्लिसन आणि विजेसाठी फ्लॅश. विद्यार्थी शब्दकोश उघडतो, आजकाल मोबाईलवर शोधतो. तेथे त्याला कळते, की मराठीतही असे शब्द आहेत आणि ते भरपूर आहेत. लुकलुकणे, लखलखणे, झळाळणे, चकाकणे, झगमगणे, तळपणे, मिणमिणणे. घरी आजी सहज वापरते ते हे शब्द इंग्रजी शब्दांच्या समोर असे नेमके कोणी आणून बसविले, हा प्रश्न मात्र त्याला सहसा पडत नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधत गेले की वाट एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पोहोचते आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील एका तरुण अधिकाऱ्यापाशी थांबते. जेम्स थॉमस मोल्सवर्थ हे त्यांचे नाव. मराठीचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ‘मोल्सवर्थ’ हे नाव ठाऊक असते. परंतु बहुतेकांच्या लेखी ते एका जाडजूड ग्रंथाचे नाव आहे. त्या ग्रंथामागे एक माणूस होता, त्याने उमेदीची वर्षे एका परक्या भाषेच्या शब्दांत घालविली आणि तलवार व लेखणी यांतून लेखणी निवडली, ही गोष्ट मात्र विस्मरणात गेली आहे.

सोळाव्या वर्षीचा सैनिक

मोल्सवर्थ यांचा जन्म १७९५ मधला. इंग्लंडमधील एक्झिटर येथे त्यांचे शिक्षण झाले. त्या काळातील अनेक इंग्रज मुलांप्रमाणे त्यांचीही रवानगी कोवळ्या वयात हिंदुस्थानात झाली. वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, १८१२ मध्ये, ते कंपनीच्या मुंबई इलाख्यातील फौजेत दाखल झाले. अशा मुलांपैकी काही तापाने दगावत, काही लढाईत पडत, काही पैसा गाठीशी बांधून मायदेशी परतत. देशी भाषा शिकणे हे बहुतेकांच्या दृष्टीने बढतीचे साधन होते. हुकूम देण्यापुरती आणि फिर्याद ऐकण्यापुरती भाषा आली की पुरे.

मोल्सवर्थ यांचे तसे झाले नाही. त्यांनी मराठी शिकण्यास प्रारंभ केला आणि ती भाषा त्यांच्या मनात घर करून बसली. मराठीबरोबर त्यांनी संस्कृतचाही अभ्यास केला. कानावर पडलेला प्रत्येक नवा शब्द टिपून ठेवायचा, त्याचा अर्थ दोन-चार जणांना विचारायचा, तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही हे पाहायचे, असा त्यांचा छंद सुरू झाला.

काळही या छंदाला अनुकूल ठरला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी मुलखाचा मोठा भाग कंपनीच्या ताब्यात आला. या मुलखाचा वसूल, न्यायनिवाडा आणि पुढे शाळाही चालवायच्या तर मराठीवाचून गत्यंतर नव्हते. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी देशी भाषांतील शिक्षणाला उत्तेजन दिले होते. त्यापूर्वी मराठीचे इंग्रजी कोश नव्हतेच असे नाही. बंगालमधील श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांनी १८१० मध्ये मोडी लिपीत मराठी कोश छापला होता. व्हान्स केनेडी यांचा कोश १८२४ मध्ये निघाला होता. परंतु हे दोन्ही कोश आकाराने लहान होते. कचेरीत येणारा कागद, बाजारातील बोलणे, कीर्तनातील ओवी आणि शेतातील अवजारे या साऱ्यांना पुरून उरेल असा कोश अद्याप व्हायचा होता.

कप्तान आणि शास्त्री

ते काम मुंबई सरकारने मोल्सवर्थ यांच्यावर सोपविले. मदतीला थॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू देण्यात आले. तेही फौजेतीलच होते. परंतु या कोशाचा खरा पाया मराठी पंडितांनी रचला, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले आदी विद्वान या शब्दसंग्रहात गुंतले होते. शब्द जमवायचे, त्यांचे अर्थ मराठीतच मांडायचे आणि उदाहरणे द्यायची, हे त्यांचे काम. याच परिश्रमांतून १८२९ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ हा मराठी-मराठी कोश निघाला. तो पुढे शास्त्र्यांचा किंवा पंडितांचा कोश म्हणून ओळखला गेला. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३१ मध्ये, मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ४० हजार शब्द होते.

एक इंग्रज कप्तान आणि अनेक शास्त्री यांच्या एकत्र बसण्यातून हा ग्रंथ तयार झाला. शब्दाचा उच्चार कसा, लिंग कोणते, तो संस्कृतातून आला की फारसीतून की अरबीतून, प्रतिष्ठित माणूस तो बोलतो की फक्त कुणब्याच्या तोंडी आहे, अशा अनेक बाजूंनी शब्द तपासला जाई. मूळ कोणते हे दाखविण्यासाठी शब्दापुढे खुणेची अक्षरे दिली जात. ध्वनीच्या अनुकरणातून झालेल्या शब्दांना तशी वेगळी खूण असे. म्हणी आणि वाक्प्रचारही कोशात आले. ओंगळ म्हणून कोशाबाहेर ठेवता आले असते असे शब्दही मोल्सवर्थ यांनी आत घेतले. भाषा जशी आहे तशी नोंदवायची, हा त्यांचा बाणा होता.

लखलख आणि ग्लिटर

या कामाची अवघड जागा कोणती, हे प्रकाशाच्या शब्दांवरून चांगले ध्यानात येते. झाड, नदी, भाकरी या शब्दांना इंग्रजी प्रतिशब्द देणे किंवा समजावून सांगणे तुलनेने सोपे असते. वस्तू दाखविता येते. परंतु लखलख आणि झगमग यांतला फरक कसा दाखवायचा? घासलेले पितळेचे भांडे चकचकते, म्यानातून काढलेली तलवार लखलखते, जरीचा शालू झगमगतो, दुपारचे ऊन तळपते, दूरच्या वस्तीवरचा दिवा लुकलुकतो आणि तेल संपत आलेली समई मिणमिणते. मराठी माणूस यांतला एक शब्द दुसऱ्याच्या जागी सहसा घालत नाही. मिणमिणती तलवार आणि लखलखती समई कोणी म्हणत नाही. हा विवेक त्याला कोणी शिकविलेला नसतो; तो कानाने आलेला असतो.

इंग्रजीतही अशीच परिस्थिती आहे. ग्लो म्हणजे ज्वाळेवाचून आतून येणारी धग आणि तिचा प्रकाश. ग्लीम म्हणजे क्षणभर दिसणारी मंद तिरीप. ग्लिटर म्हणजे अनेक बिंदूंतून तुटक तुटक उसळणारी चमक. ग्लिसन म्हणजे ओलसर, तेलकट पृष्ठभागाची झाक. डॅझल या शब्दाचे मूळ दिपून, भांबावून जाण्यात आहे. त्यात प्रकाशापेक्षा पाहणाऱ्याच्या डोळ्यांची अवस्था अधिक आहे. फ्लॅश हा शब्द तर आरंभी पाण्याच्या फटकाऱ्यासाठी वापरला जाई. विजेकडे तो नंतर आला.

दोन्ही भाषांनी चमक व्यक्त करण्यासाठी जी युक्ती योजली आहे, ती पाहण्यासारखी आहे. चमकणे ही एकदाच घडणारी क्रिया नसते, ती पुन:पुन्हा घडते. मराठी यासाठी शब्दच दोनदा उच्चारते. चमचम, लखलख, लुकलुक, झळझळ. इंग्रजीने त्यासाठी शब्दाच्या शेवटी एक प्रत्यय जोडला. ग्लिटर, ग्लिमर, शिमर, फ्लिकर यांच्या शेवटचा ‘अर’ आणि स्पार्कल, ट्विंकल, डॅझल यांच्या शेवटचा ‘ल’ हे दोन्ही पुन:पुन्हा घडणाऱ्या क्रियेचे प्रत्यय होत. स्पार्क म्हणजे ठिणगी आणि स्पार्कल म्हणजे ठिणग्यांवर ठिणग्या. ट्विंकल हा शब्द डोळ्यांच्या उघडझापीच्या जुन्या शब्दावरून आला. मराठीतील लुकलुक हा शब्दही ताऱ्याला आणि डोळ्याला सारखाच लागू पडतो, हे आपण जाणतोच.

कोशकाराला हे सारे तोलावे लागते. मोल्सवर्थ यांना मराठी शब्दापुढे इंग्रजी शब्द ठेवायचा होता. नंतर इंग्रजी-मराठी कोशाच्या वेळी हेच काम उलट दिशेने करायचे होते. एका भाषेतील ज्योत दुसऱ्या भाषेतील ज्योतीजवळ न्यायची, परंतु दोहोंपैकी कोणतीही विझू द्यायची नाही, असे हे काम. घाईने ते होत नाही.

पदवी गळाली

१८३१ च्या कोशाच्या मुखपृष्ठावर मोल्सवर्थ यांच्या नावामागे कप्तान आणि कँडी बंधूंच्या नावामागे लेफ्टनंट हे हुद्दे आहेत. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीवर मोल्सवर्थ यांचे नुसते नाव आहे. या दोन मुखपृष्ठांमधल्या काळात त्यांच्या आयुष्यात मोठे स्थित्यंतर झाले होते.

मोल्सवर्थ हे अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती होते. ज्या धर्माने शत्रूवरही प्रेम करावयास सांगितले, त्याचा अनुयायी शस्त्राची नोकरी कशी करू शकतो, हा प्रश्न त्यांना छळू लागला. अखेर त्यांनी लष्करी पेशाचा त्याग केला. कंपनीच्या राजवटीत लष्करी हुद्दा म्हणजे मान, पगार आणि भविष्याची हमी. तो स्वेच्छेने सोडणारा माणूस सहकाऱ्यांना विक्षिप्तच वाटला असेल. परंतु शब्दाचा नेमका अर्थ शोधण्यात आयुष्य घालविणाऱ्या या माणसाने श्रद्धेच्या शब्दाचाही नेमका अर्थ घेतला, असे म्हणता येते. कोशाचे काम त्यांनी सोडले नाही, हे विशेष.

मराठी-इंग्रजी कोश हातावेगळा होताच त्यांनी इंग्रजी-मराठी कोशास हात घातला. पण प्रकृतीने साथ दिली नाही. काम अर्धवट टाकून १८३६ मध्ये त्यांना इंग्लंडला परतावे लागले. त्यांच्या मागे ती जबाबदारी थॉमस कँडी यांनी उचलली. मराठी लेखनात विरामचिन्हांची शिस्त आणण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, तेच हे कँडी. तब्बल ११ वर्षांनी, १८४७ मध्ये, त्यांनी तो कोश पूर्ण केला. आज विद्यार्थी ग्लिटरसमोर लखलखणे वाचतो, त्या इंग्रजी-मराठी कोशांच्या परंपरेचा हा मोठा आरंभ होय. एकाने घातलेला पाया आणि दुसऱ्याने चढविलेला कळस, असे त्याचे स्वरूप आहे.

पुन्हा मराठीकडे

इंग्लंडला गेलेले मोल्सवर्थ कदाचित परतलेही नसते. परंतु १८३१ च्या आवृत्तीला वीस वर्षे होत आली होती आणि मराठी झपाट्याने बदलत होती. छापखाने आले होते. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये सुरू झाले होते. शाळांची पुस्तके निघत होती. कोश अपुरा पडू लागला होता. सरकारने त्याच्या सुधारित आवृत्तीचे काम मोल्सवर्थ यांनीच करावे असे ठरविले आणि १८५१ मध्ये ते पुन्हा हिंदुस्थानात आले. त्यांचे वय तेव्हा ५६ होते. पहिल्या खेपेला जहाजातून उतरलेला सोळा वर्षांचा मुलगा फौजेच्या चाकरीसाठी आला होता. या खेपेला आलेला प्रौढ माणूस केवळ शब्दांसाठी आला होता.

पुढील सहा वर्षे त्यांनी महाबळेश्वर आणि पुणे येथे राहून काम केले. जुन्या नोंदी तपासल्या, चुका दुरुस्त केल्या, हजारो नवे शब्द घातले. १८५७ मध्ये ही दुसरी आवृत्ती मुंबईत छापून झाली. शब्दांची संख्या सुमारे ६० हजारांवर गेली होती. मराठीचे घटक आणि तिचा विस्तार यांविषयी जॉन विल्सन यांचा अभ्यासपूर्ण निबंध या आवृत्तीला जोडलेला आहे.

१८५७ हे वर्ष आपल्याला उठावाचे म्हणून आठवते. उत्तर हिंदुस्थानात तलवारी लखलखत असताना मुंबईच्या छापखान्यात तलवार सोडलेल्या माणसाचा कोश छापला जात होता. योगायोग असा, की याच वर्षी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत इंग्रजी भाषेच्या नव्या आणि सर्वसमावेशक कोशाचा विचार सुरू झाला. त्यातूनच पुढे ऑक्सफर्डचा महाकोश उभा राहिला. त्याचा पहिला भाग १८८४ मध्ये आणि अखेरचा १९२८ मध्ये निघाला. म्हणजे ग्लो, ग्लीम, शाइन या शब्दांची कुळकथा ऐतिहासिक पद्धतीने इंग्रजीत मांडली जाण्यापूर्वीच मराठीच्या चमचमीची नोंद कागदावर उतरली होती.

एकाच ज्योतीची लेकरे

मोल्सवर्थ यांनी दोन भाषांचे शब्द शेजारी शेजारी ठेवले. त्यांतले काही मुळात एकमेकांचे भाऊबंद आहेत, याचे पूर्ण चित्र त्यांच्या हयातीत तयार व्हायचे होते. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, हा विचार विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडला होता. त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत युरोपातील भाषाशास्त्रज्ञांनी ध्वनिबदलाचे नियम शोधून या नात्यांचा नकाशा काढला. प्रकाशाचे शब्द या नकाशात विशेष ठळक दिसतात.

इंग्रजीतील ग्लो आणि त्याच्या गोतावळ्यातील ग्लीम, ग्लिटर, ग्लिसन हे शब्द चमकणे या अर्थाच्या एका प्राचीन धातूकडे नेले जातात. गोल्ड म्हणजे सोने, येलो म्हणजे पिवळा आणि ग्लास म्हणजे काच हे शब्दही त्याच घरातले. संस्कृतात त्या धातूचे रूप ‘ह’काराने सुरू होते. हिरण्य म्हणजे सोने, हरि म्हणजे पिवळसर, आणि हरिद्रा म्हणजे आपली हळद. सांगली आणि वसमतच्या बाजारात पोत्यांनी विकली जाणारी हळद आणि इंग्रजीतले गोल्ड यांचे मूळ एक आहे, हे वाचून कोणालाही नवल वाटेल.

शाइन या शब्दाचे नाते तर अधिकच अनपेक्षित आहे. त्याचा संस्कृतातील आप्त छाया हा मानला जातो. एक प्रकाश, दुसरी सावली. परंतु संस्कृतात छाया या शब्दाला कांती असाही अर्थ आहे. रत्नाच्या तेजाला रत्नच्छाया म्हणतात. प्रकाशाच्या खेळातून एका भाषेने उजेड उचलला आणि दुसरीने मुख्यत: सावली.

लाइट या शब्दाचा धातू लॅटिनमध्ये लक्स म्हणून आणि संस्कृतात रुच् म्हणून दिसतो. रुची, रोचक, सुरुची हे मराठी शब्द त्यातले. जे मनाला उजळते ते रुचते. याच धातूची इराणी शाखा म्हणजे फारसीतील रोशन आणि त्यावरून आलेली आपली रोषणाई. दिवाळीत नांदेडच्या गुरुद्वाऱ्यावर होणारी रोषणाई आणि विद्यार्थ्याच्या पुस्तकातले लाइट हे शब्द दूरचे चुलतभाऊ ठरतात. ब्रिलियंट या शब्दाची गोष्ट आणखी वेगळी. त्याचे मूळ बेरिल या रत्नाच्या नावात असावे, असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. बेरिल हा शब्द ग्रीकांनी भारतातून नेला. संस्कृतातील वैडूर्य आणि प्राकृतातील वेळुरिय ही त्याची भावंडे. म्हणजे आपण आज कौतुकाने ब्रिलियंट म्हणतो तेव्हा भारतातून गेलेल्या रत्नाचेच नाव घेत असण्याचा संभव आहे.

निजामी मुलखातला कंदील

मोल्सवर्थ कोश तयार होत होता तेव्हा नांदेड आणि लातूर हा प्रदेश कंपनीच्या मुलखाबाहेर, निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. मुंबई इलाख्यात मराठी शाळा, मराठी पुस्तके आणि मराठी वृत्तपत्रे उभी राहत होती. त्यांना या कोशाचा आधार मिळत होता. येथे मात्र दरबारी कारभाराची भाषा १८८४ च्या सुमारापर्यंत फारसी होती आणि त्यानंतर उर्दू झाली. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले, त्याचेही माध्यम उर्दूच होते. मराठवाड्यातील मराठी मुलाला घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, असे दिवस काढावे लागले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारखे प्रयत्न १९२१ नंतर झाले. परंतु सर्वसामान्यांना मातृभाषेतून शिक्षण मिळण्यासाठी १९४८ चा मुक्तिदिन उजाडावा लागला. नांदेडला पीपल्स कॉलेज १९५० मध्ये निघाले, तर लातूरला दयानंद महाविद्यालय १९६१ मध्ये. मुंबई-पुण्यात १८३१ मध्ये पेटलेला दिवा या भागात पोहोचायला शंभराहून अधिक वर्षे लागली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

या विलंबाची आणखी एक बाजू आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशाने मराठीला प्रमाण रूप मिळण्यास साहाय्य केले. पण ते प्रमाण प्रामुख्याने पुण्याकडील शिष्ट बोलीचे होते. मराठवाड्याची बोली त्या प्रमाणाच्या कडेला राहिली. येथील विद्यार्थ्याला आपली बोली अशुद्ध आहे हे ऐकून घ्यावे लागले. हा दोष एकट्या कोशकाराचा नाही. राजसत्तेच्या सीमांनी भाषेच्या सीमा आखल्या. तरीही त्याची नोंद घेतल्यावाचून हे चरित्र पूर्ण होत नाही.

आणि तरीही प्रकाशाचे शब्द या भिंती मानत नाहीत. वीज येण्यापूर्वी मराठवाड्याच्या घराघरांत कंदील होता. तो शब्द फारसी-अरबीच्या वाटेने मराठीत आला. अरबीने तो ग्रीकांकडून घेतला आणि ग्रीकांनी लॅटिनमधील कँडेला या शब्दावरून. इंग्रजीतील कँडल त्याच शब्दावरून झाला. त्या लॅटिन शब्दाचा धातू म्हणजे उजळणे, आणि संस्कृतात त्याच धातूचे फळ आहे चंद्र. रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा माणूस पांढरेशुभ्र वस्त्र नेसत असे, म्हणून तो कँडिडेट. चंद्र, कंदील, कँडल आणि निवडणुकीचा उमेदवार हे असे एका पंक्तीला बसतात. लग्नाच्या वरातीतला फानूस, ज्याला मराठीत फाणसही म्हटले गेले, तो अरबीतून आला. त्याचे मूळ ग्रीकमधील दिव्याच्या शब्दात आहे आणि तो धातू संस्कृतात भा असा आहे. भानू, प्रभा, आभास हे त्यातले. इंग्रजीतील फोटो आणि फॉस्फरस हेही त्याच वंशातले.

ज्या पिढीने उर्दू ही लादलेली भाषा म्हणून शिकली आणि ज्या पिढीने इंग्रजी ही नोकरीची भाषा म्हणून शिकली, त्या दोन्ही पिढ्यांच्या पाटीवर नकळत आपल्याच घरातले शब्द उमटत होते. मूळ लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी उर्दू, फारसी, इंग्रजीपासून गोंडीपर्यंत अनेक भाषा आत्मसात केल्या. त्यांच्यासारख्या विद्वानांना भाषांमधले हे ये-जा करण्याचे मार्ग चांगलेच परिचित होते.

मागे राहिलेले तेज

दुसऱ्या आवृत्तीचे काम संपल्यावर मोल्सवर्थ काही काळ येथेच राहिले आणि १८६० मध्ये मायदेशी गेले. त्यानंतर ते पुन्हा आले नाहीत. १८७१ मध्ये ब्रिस्टलजवळील क्लिफ्टन येथे त्यांचे निधन झाले. थॉमस कँडी मात्र महाराष्ट्रातच राहिले आणि १८७७ मध्ये महाबळेश्वर येथे वारले.

कोशाला मरण आले नाही. बाबा पदमनजी यांनी १८६३ मध्ये त्याची संक्षिप्त आवृत्ती काढली आणि तो विद्यार्थ्यांच्या हाती गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच पंडित ज्यूल ब्लोक यांनी मराठीच्या घडणीचा शोध घेतला, तेव्हा हा कोश त्यांच्या हाताशी होता. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’लाही या आधीच्या संचिताचा लाभ झाला. १९४६ मध्ये कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ आला. १९७५ मध्ये पुण्यातून मोल्सवर्थ कोशाची नवी मुद्रित आवृत्ती निघाली. शिकागो विद्यापीठाने तो संगणकावर आणला आणि जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून त्यात शब्द शोधण्याची सोय झाली. लातूरचा किंवा नांदेडचा विद्यार्थी मोबाईलवर तो विनामूल्य उघडू शकतो. शंभर वर्षांचा विलंब आता क्षणावर आला आहे.

उलट काळजी आता दुसरीच आहे. कोश हाताशी आला आणि शब्द तोंडातून जाऊ लागले. मिणमिणणे, तळपणे, झळाळी, तिरीप हे शब्द नव्या पिढीच्या बोलण्यात विरळ होत आहेत. सारे काही ‘शाइन’ करते किंवा ‘ग्लो’ करते. ग्लो आणि हळद एका घरातले असल्याने त्यात परकेपणा मानण्याचे कारण नाही. मात्र समई मिणमिणते आणि तलवार लखलखते, हा भेद सांगणारा शब्द हरवला तर तो भेद पाहणारी नजरही हळूहळू मंदावते. सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एका माणसाने हा भेद टिपण्यासाठी उमेदीची वर्षे घालविली आणि छपन्नाव्या वर्षी पुन्हा जहाज गाठले. त्याच्या कोशातला एखादा विसरलेला शब्द पुन्हा बोलण्यात आणणे, एवढे तरी आज मराठी माणसाच्या हाती आहे.